रंगाचं शेवटी बघू

संपादकांनी लेख मागताना एक अट घातली, 'हॉट रॉड म्हणजे काय ते आमच्या वाचकांना कळू दे, पण यंत्रांची भाषा टाळा.' टाळायचा प्रयत्न करतो. मात्र आयुष्यभर पत्रा आणि चासी यांच्याशी झटापट केलेल्या माणसाकडून ती कितपत टळेल याची हमी देत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात हात काळे केले आणि नंतर इकडे आलो. लॉस एंजलीसच्या पूर्वेला, पोमोनाच्या बाजूला माझं लहानसं वर्कशॉप आहे. मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख 'हे जुन्या गाड्या दुरुस्त करतात' अशी करून दिली जाते. मी हसून नमस्कार करतो, पण ते चूक आहे. जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशी परत उभी करणं हा रिस्टोरेशनवाल्यांचा धंदा. ते आम्हाला खाटीक म्हणतात, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर त्यात फारसं खोटंही नाही. आम्ही नव्वद वर्षांपूर्वीच्या फोर्ड गाड्या कापतो.

ही कापाकापी कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड 'मॉडेल टी' आणि 'मॉडेल ए' घ्यायची. मडगार्ड, पायरी, बंपर, जे जे काढता येईल ते काढून वजन कमी करायची आणि म्युराक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर जाऊन पळवायची. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. आज हे आकडे ऐकून कोणी भुवई उचलणार नाही, पण त्या काळी हे इंजिन हलक्या मॉडेल एमध्ये बसवलं की गाडी बदलून जायची. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि वेग रीतसर मोजला जाऊ लागला. महायुद्धानंतर हॉट रॉडचं हे वेड देशभर पसरलं. 'ट्रॅडिशनल' हॉट रॉड म्हणजे त्या काळी बनली असती तशी आणि त्या काळच्या सुट्या भागांवर उभी केलेली गाडी. बहुतेक जण १९६० च्या दशकाच्या मध्यावर रेघ मारतात. त्यापुढचं काही दिसलं की आमचे लोक नाक मुरडतात.

'आपल्याकडे असं करता येईल का?' हा प्रश्न प्रत्येक भारतवारीत येतो. गाडीच्या मूळ तपशिलात असा बदल करायचा म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं आहे. तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

आता जे प्रकरण डोक्यातून जात नाही, त्याबद्दल. अर्व्हाइनला सॉफ्टवेअरमध्ये असलेला पुण्याचा एक तरुण गाडी घेऊन आला. १९३१ ची मॉडेल ए कूपे, १९३२ च्या चासीवर बसवलेली, मडगार्ड नसलेली, आत फोर्डचं जुनं व्ही-८, ज्याला फ्लॅटहेड म्हणतात. एका म्हाताऱ्या मशिनिस्टने पूर्वी कधीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेली आणि त्याच्या मुलांनी विकायला काढलेली. गडद हिरवा रंग, बऱ्यापैकी चकचकीत. मालक म्हणाला, "काका, गाडी भारी आहे, पण लूक येत नाही. रंग बदलूया का?"

नवी गाडी घेतलेला प्रत्येक जण रंगापासून सुरुवात करतो. मी त्याला म्हटलं, रंगाचं शेवटी बघू. गाडी अंगणात उभी करून तिचा बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढला आणि फोनवरच तो काळा-पांढरा केला. रंग गेला की डोळ्याला फसवायला काही उरत नाही. त्या फोटोत गाडीचं नाक वर होतं. बोनेटची रेघ काचेपासून पुढे जाताना किंचित खाली उतरायला हवी, ती चढत होती. आखाड्यात सलामीला उभा असलेला पैलवान मागे रेलून उभा राहत नाही. तो पुढे झुकतो, वजन चवड्यावर घेतो. हॉट रॉडचा सगळा पवित्रा त्या झुकण्यात आहे आणि तो नसेल तर लाख डॉलरचा रंगही वाया.

हे झुकणं कसं आणायचं? इथे जरा यंत्रांची भाषा येणार, इलाज नाही. या फोर्ड गाड्यांना पुढे एकच आडवा पाटा असतो आणि त्याखाली सरळ लोखंडी एक्सल. एक्सलची दोन्ही टोकं, जिथे किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ, बसते, ती तापवून वर ओढली की मधला भाग त्या मानाने खाली जातो. चाकं आहेत तिथेच राहतात. पाटा, चासी आणि बॉडी खाली येतात. याला ड्रॉप्ड एक्सल म्हणतात. चार इंचांचा ड्रॉप बसवला आणि पाट्याच्या मुख्य पानाचे डोळे उलटे वळवून घेतले, तर आणखी इंचभर मिळतो. आता तयार नवे एक्सलही मिळतात. पण एवढ्यावर काम संपत नाही. एक्सल खाली आला की स्टिअरिंगचा टाय-रॉड विशबोनला, म्हणजे एक्सल चासीला बांधणाऱ्या दांड्याला, घासायला लागतो, म्हणून स्टिअरिंगचे आर्मही खाली घ्यावे लागतात. त्यात गाडी पुढे झुकल्यामुळे कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागे कललेली असण्याचा कोन, कमी होतो. तो कमी झाला आणि किंगपिनही जुनी असली, तर ताशी चाळीस मैलांवर पुढची चाकं अशी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. मी सहा-सात अंश कॅस्टर ठेवतो. नुसता 'लूक' म्हणून पाट्याची पानं काढून टाकणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांच्या गाड्या फोटोत सुंदर दिसतात. त्यांच्या शेजारी बसायची माझी तयारी नाही.

मग टायर. या गाडीला चारही चाकांवर सारख्या मापाचे रेडियल होते आणि त्यांवर रुंद पांढरी पट्टी. ते काढले. पुढे ५.००-१६, मागे ७.५०-१६, जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय. पुढचं आणि मागचं टायर उंचीला चार इंचांहून जास्त वेगळं. एवढ्यानेच बघ्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो, आणि त्यांना तो कशाने पडला हे सांगता येत नाही. माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं समाधान हेच आहे.

हेडलाइटही हलवले. मूळच्या मॉडेल एमध्ये ते मडगार्डांमधल्या दांड्यावर उंच बसतात. मडगार्ड काढले आणि दिवे तिथेच ठेवले तर गाडी आश्चर्यचकित झाल्यासारखी दिसते. ते खाली आणि रेडिएटरच्या जवळ घेतले; मात्र दिव्याचा मध्य जमिनीपासून २२ इंचांच्या खाली नेता येत नाही, तो कायदा आहे. बिलेट ॲल्युमिनियमचे आरसे, व्हॉल्व्हच्या टोप्यांवरचे फासे आणि मागच्या काचेवरचं ज्वाळांचं स्टिकर, हे सगळं एका खोक्यात घालून मालकाच्या हवाली केलं. टप तीन इंच कापायचा का, असं त्याने विचारलं. मॉडेल एचे खांब जवळजवळ उभे असल्याने ते काम तुलनेने सोपं, पण मी थांब म्हटलं. गाडी खाली बसली की टपाची उंची निम्म्या वेळा खटकेनाशी होते. त्या गाडीत खटकेनाशी झाली.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग कुठल्याशा रविवारच्या मेळाव्यात कोणीतरी त्याला सांगितलं की गाडी 'फारच नवी' दिसते. तो परत आला. "काका, पॅटिना करूया."

वाचकांना पॅटिना म्हणजे काय ते सांगायला हवं, आणि इथे मी जरा जास्तच सांगेन, कारण या विषयावर माझं डोकं फिरतं. पॅटिना म्हणजे वापराने आणि उन्हापावसाने रंगाला आलेलं वय. ते आता विकत मिळतं. पत्र्यावर मुद्दाम दोन-तीन रंगांचे थर मारायचे, ते पाणीपेपरने जागोजाग घासायचे, व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी फवारून एका दुपारीत गंज आणायचा, दारावर कधी अस्तित्वातच नसलेल्या गॅरेजचं नाव रंगवायचं, ते पुसट करायचं आणि वरून मॅट क्लिअरचा थर मारून सगळं कायमचं गोठवायचं. खऱ्या वयाला दिशा असते. ऊन टपावर आणि बोनेटच्या माथ्यावर पडतं, त्यामुळे रंग तिथे आधी जातो. दारांच्या खालच्या भागात तो टिकतो. जुना लॅकर बारीक तडकतो, इनॅमल पांढुरकं, खडूसारखं होतं. शिवाय मॉडेल एच्या बॉडीवर पायरॉक्सिलिन लॅकर असे आणि मडगार्डांवर भट्टीतलं काळं इनॅमल, म्हणजे एकाच गाडीची दोन अंगं दोन तऱ्हांनी म्हातारी होतात. नकली पॅटिनात हे काही नसतं. तिथे गंज सगळीकडे सारखा शिंपडलेला असतो.

आणि लोकांचा समज असा की मूळचे हॉट रॉड असेच गंजके होते! साफ चूक. पोरं प्रायमरवर फिरायची, कारण रंगाला पैसे नसायचे किंवा काम अर्धवट असायचं. पैसे आले की पहिल्यांदा रंग. वर्तमानपत्रं या पोरांना गुंड ठरवत होती म्हणून १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजलीसच्या आर्मरीत त्यांनी प्रदर्शन भरवलं, ते घासून-पुसून चकचकीत केलेल्या गाड्यांचं. 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक त्याच महिन्यातला. १९५० मध्ये अमेरिकेतला सर्वांत सुंदर रोडस्टर हा पहिला किताब बिल नीकॅम्पच्या १९२९ च्या फोर्डला मिळाला. ती आरशासारखी होती, आणि एल मिराजला ताशी १४० मैलांच्या वर पळालीसुद्धा. गंजाची फॅशन फार पुढची, मुद्दाम ओबडधोबड, गंजक्या गाड्या बांधणाऱ्या रॅट रॉडवाल्यांची.

मी त्या मुलाला गाडीजवळ नेलं. ड्रायव्हरच्या दाराची वरची कड दाखवली. काच खाली करून कोपर बाहेर टेकवतात ना, तिथे हिरवा रंग झिजून राखाडी प्रायमर उघडं पडलं होतं आणि त्याच्या मधोमध नखाएवढा पत्रा, गुळगुळीत, गंज नसलेला, कारण तिथे सतत हात लागत होता. काचेपुढच्या पत्र्यावर लॅकरला केसासारख्या भेगा. सीटच्या मागे, कोणी रंगवायची तसदी न घेतलेल्या कोपऱ्यात, फोर्डचा मूळचा रंग. मी म्हटलं, हे बघ, तुझ्याकडे खरं आहे. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "पण काका, हे जवळ आल्याशिवाय दिसत नाही."

त्यानंतर जे बोलला ते मला अजून टोचतं. "तुम्ही फोर्डची चासी कापता, एक्सल वाकवता, दुसऱ्याचं इंजिन घालता. मग मी माझ्याच गाडीचा रंग घासला तर तुमच्या पोटात का दुखतं?"

मी म्हटलं, वाकवलेला एक्सल कोणाला फसवत नाही. तो वाकवलेला आहे हे उघड दिसतं. घासलेला रंग मात्र न जगलेलं आयुष्य सांगतो. उत्तर त्या वेळी बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा पुरता खोडला गेलेला नाही. एक्सल वेगासाठी खाली घेतला असं आम्ही म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या किती गाड्या कोरड्या तळ्यावर जातात? मी बसवतो ते टायर जुन्या नक्षीचे असले तरी काल-परवा बनलेले. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर तर हवेच्या नियमांमुळे इथल्या दुकानात मारणं जवळपास अशक्यच, म्हणजे मीही आधुनिक रंगाला जुन्यासारखी झाक आणत बसतो. रेघ नेमकी कुठे, हे मला कागदावर आखून देता येणार नाही. त्या दाराला पाणीपेपर लावायला माझा हात धजत नव्हता, एवढं नक्की. मी काम नाकारलं.

त्याने ते दुसरीकडून करून घेतलं. पुढे एका क्रूझ नाइटला गाडी दिसली. दारावर कुठल्याशा पेट्रोल पंपाचं पुसट नाव होतं. कोपराची जागा सपाट करून, वरून नवा गंज आणून, मॅट क्लिअरखाली बंद केलेली. माणसं फोटो काढत होती. पवित्रा मी बसवलेलाच होता आणि उभी राहण्यात तिच्या तोडीची गाडी त्या रांगेत नव्हती, हे मी माझ्यापुरतं बघून घेतलं. मालकाने हात केला, मीही केला. मुलगा वाईट नाही.

तुमच्यापैकी कोणाची मुलं इकडे असतील आणि जानेवारीच्या शेवटाला तुम्ही लॉस एंजलीसच्या आसपास असाल, तर पोमोनाच्या फेअरप्लेक्समध्ये ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो, तो चुकवू नका. गाडी आवडली तर आधी लांबून, वाकून, बाजूने बघा. मग जवळ जाऊन दाराची कड बघा. बोट लावू नका. आणि मालक शेजारी उभा असेल तर कृपा करून ॲव्हरेज किती देते, हे विचारू नका.