नऊ एकांचा वर्ग

कोल्हापूर

प्रिय शुभा,

तुझं पत्र पोचलं. लेकीला मोठ्या संख्यांची धास्ती वाटते असं लिहिलंयस, म्हणून आज एकाच संख्येबद्दल लिहिते. ही बघ: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. डावीकडून वाच, उजवीकडून वाच, सारखीच. आणि ती आहे नऊ एकांचा वर्ग, म्हणजे १११११११११ गुणिले १११११११११.

परवा सहावीच्या पोरांना हाच गुणाकार फळ्यावर करून दाखवला. एकानंच गुणायचं, त्यामुळं प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर ओळ एक घर डावीकडं सरकलेली. बेरजेला लागलं की पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं चढत मधल्या घरात नऊ. तिथून पुन्हा एकेक कमी. जोतिबाचा डोंगर चढून पलीकडं उतरावं तसं. कुठंच हातचा येत नाही, सगळी किमया त्यातच आहे. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा धरावा लागतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब! तो कुठं गेला हे शोधायला पोरं मधल्या सुट्टीतही फळ्यापाशीच होती.

एकांच्या वर्गातून येणाऱ्या अशा संख्यांचा ध्यास घेतला होता द. रा. कापरेकर मास्तरांनी. जन्म १९०५चा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवलं. पदव्युत्तर शिक्षण नाही, पण डोकं अखंड आकड्यांत. डोंबिवली स्टेशनावर, म्हणजे तेव्हाच्या डेम्लोला, कल्पना सुचली, म्हणून या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना कल्याण सुटलं की लागतं बघ, तेच स्टेशन. पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते माहीत झाले.

आपल्या संख्येत त्यांचा आणखी एक शोध दडलाय. तिच्या अंकांची बेरीज कर: ८१. आता त्याच ८१ नं तिला भाग. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य! आपल्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर 'हर्षद' म्हणायचे. मूळ अवयव पाडलेस तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. एवढ्या अवाढव्य संख्येच्या पोटात इतकीच माणसं!

लेकीला भीती वाटते ती आकड्याच्या लांबीची. पण लांबी कशातून आली हे एकदा स्वतःच्या हातानं मांडून बघितलं की भीती राहत नाही, हे मी वर्गात रोज बघते. तिला आधी दोन एकांचा वर्ग करू दे, मग तीनाचा, मग चाराचा. उत्तर आधी सांगू नकोस. नऊपर्यंत पोचली की अकरा एकांचा करायला सांग, आणि हातचे कुठं कुठं आले ते तिनंच मला लिहावं. वाट बघते.

तुझी,
मंगल