विचारायची भीती आणि 'ट्राय इट आउट'

एपीआय म्हणजे तहसील कचेरीतली खिडकी. ठरलेला अर्ज ठरल्या पद्धतीने दिला, तरच आतून काहीतरी हाती येतं. दवाखान्याच्या अपॉइंटमेंट्सचं आमचं वेब अ‍ॅप, त्याच्या अशा साठेक खिडक्या. त्यांची माहिती एका एक्सेल शीटमध्ये होती. कोड बदलायचा, शीट तशीच राहायची. नव्या माणसाला उरायचं फक्त विचारणं.

आणि विचारणं सोपं नसतं. लातूरहून पुण्यात आलेला, मराठी माध्यमातला आमचा ज्युनिअर ग्रुपवर इंग्रजीत प्रश्न टाईप करायचा आणि खोडायचा. शेजारीच बसतो, दिसायचं. मीही त्यातूनच आलोय.

आमचा बॅकएंड फास्टएपीआयवर आहे. त्यात पत्त्यापुढे 'डॉक्स' लिहिलं की स्वॅगरचं पान आपोआप उघडतं. सुरक्षेच्या नावाखाली ते सगळीकडे बंद होतं. मी टेस्टिंगच्या सर्व्हरवर सुरू केलं.

(स्वॅगर जन्मलं वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत. त्याचं स्पेसिफिकेशन पुढे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं, आज त्याला ओपनएपीआय म्हणतात. मूळ शब्दकोशात, हे मला फार आवडतं.)

फुकट मिळतं ते निम्मंच. कोडमधल्या टाईप्सवरून पान स्वतःच सांगतं की वय हा आकडा हवा, शब्द दिलात तर ४२२ येईल. पण ४०९ म्हणजे तो स्लॉट आत्ताच दुसऱ्या पेशंटने घेतला, हे त्याला कसं कळणार? ते माणसाने लिहावं लागतं. खरी वाटतील अशी उदाहरणं, प्रत्येक एररचं कारण, लॉगिनचं टोकन टाकायला 'ऑथोराइझ'चं बटण. दोन दिवस गेले. "हे क्लायंटने मागितलंय का?" असं मॅनेजरने विचारलंच. नव्हतं मागितलं.

त्या आठवड्यात ज्युनिअरच्या स्क्रीनवर ते पान सतत उघडं असायचं. 'ट्राय इट आउट', 'एक्झिक्यूट', लाल. पुन्हा लाल. मग हिरवं. कुणी बघत नव्हतं, कुणी उसासा टाकत नव्हतं.

शुक्रवारी तो खुर्ची सरकवत आला. "दादा, ४०९ आल्यावर आपण पेशंटला नुसतं नाही म्हणतो. पुढचा रिकामा स्लॉट तिथेच का देत नाही?"

"ग्रुपवर टाक," मी म्हटलं.

त्याने टाकलं. व्याकरणाच्या दोन चुका होत्या. संध्याकाळपर्यंत तिथे वाद चालू होता, पण स्लॉटवरून.