कपाटात न जाणाऱ्या कॅमेऱ्यास

प्रिय निकॉन डी ३५००,

तुझं उत्पादन बंद झालं, तुझ्या जागी आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आले, तरी या दिवाळीला भाचीच्या हातात मी तुलाच ठेवणार आहे. तेही सेकंडहँड. यावर घरात सगळ्यांचं नाक मुरडून झालंय. भावोजींचं म्हणणं असं, की द्यायचाच तर नवा द्या, सील फोडायचा, बिलासकट वॉरंटीचा. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा तुला लिहिलेलं बरं; तू मध्येच फोन घ्यायला उठत नाहीस.

आपल्याकडे महागड्या भेटीचं काय होतं, हे तुला ठाऊक नसणार. ती कपाटात जाते. साड्यांच्या वरच्या कप्प्यात, मूळ खोक्यात, थर्माकोलसकट. लग्नामुंजीला बाहेर निघते आणि निघताना ताई बजावते, ‘जपून हं, बाबांनी केवढ्याला घेतलाय!’ जिला शिकायचंय तिला मात्र आधी ढीगभर वाईट फोटो काढायचे असतात. हललेले, काळे पडलेले, डोकं कापलेले. त्यासाठी कॅमेरा रोजच्या पिशवीत हवा, कॉलेजच्या वह्यांबरोबर, गर्दीच्या लोकलमध्ये, भजीच्या गाडीशेजारी तेलाच्या धुरात. हल्ली मधल्या दर्जाच्या फोनला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात तू किट लेन्ससह मिळतोस. पडलास तर जीव चुकचुकेल, पण हप्ते फेडत बसायची वेळ येणार नाही. तुझी स्वस्ताई मी नाइलाजाने पत्करलेली नाही. तीच बघून तुला निवडलंय.

बाकी गुण आहेतच. २०१८ साली आलास, २४ मेगापिक्सेलचा. बॅटरीसकट जेमतेम ४१५ ग्रॅम. एका चार्जिंगमध्ये दीड हजारावर फोटो, म्हणजे सहलीला निघताना चार्जर विसरला तरी चालतं. आणि डोळा लावायची ती खिडकी! डोळा तिथे टेकला की नोटिफिकेशनं, मैत्रिणी, आई, सगळं चौकटीबाहेर जातं. तुझा स्क्रीन मात्र टचचा नाही. पहिल्या दिवशी ती त्यावर बोट आपटत बसेल आणि तू ढिम्म राहशील, हे मला आत्ताच दिसतंय. त्यातून बोटं बटणांकडे आणि चाकाकडे वळतील. चाकावर ‘गाइड’ नावाचा एक मोड आहे, मागचं धूसर कर, धावणारं गोठव, असं निवडलं की सेटिंग कसं लावायचं ते दाखवणारा. महिनाभर पुरे. नंतर चाकावरच्या ‘ए’वर जायचं आणि लेन्समधलं छिद्र आपलं आपण उघडायचं-मिटायचं.

बाकीच्यांचाही विचार केला, अगदीच डोळे मिटून तुझ्याकडे आले नाही. निकॉनचाच झेड ३० चांगला आहे, पण त्याला खिडकीच नाही, तो व्हिडिओवाल्यांसाठी. कॅननचा आर १०० नव्यांत परवडणारा, पण नवाच, म्हणजे पुन्हा कपाट. जुन्या छोट्या डिजिकॅमचं सध्या कॉलेजात वेड आहे, त्यापायी त्यांचे भाव उगाच चढलेत. आणि ऑनलाइन ते पाच-सहा हजारांचे ‘४८ मेगापिक्सेल, फोरके’वाले निनावी कॅमेरे? आत नखाएवढा सेन्सर, आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला. तेवढ्या पैशांत तिला चांगली सँडल घेऊन द्यावी.

एक गोष्ट खरी, की तू मिळतोस तो पडझडीमुळे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. फोनने धंदा खाल्ला, हौशी लोकांनी कॅमेरे विकायला काढले, आणि ते फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी काचेमागे येऊन बसले. तिथे तुला बघायला जाताना मी माझं मेमरी कार्ड घेऊन जाते. छिद्र एफ २२ वर आणून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा: काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण भाव पाडायला उपयोगी पडते. मग लेन्स काढून ट्यूबलाइटसमोर तिरकी धरायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की नमस्कार करून बाहेर; ती बुरशी. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, फक्त आठ हजार क्लिक झालेत.’ झाले असतीलही. निकॉनच्या फाइलमध्ये शटरचा आकडा दडलेला असतो, घरी कॉम्प्युटरवर वाचता येतो. म्हणून पैसे दुसऱ्या फेरीत.

तिथेच कोणीतरी ‘याच्याबरोबर ही ५० एमएम घ्या, स्वस्तात देतो’ म्हणून जुनी ‘डी’ लेन्स पुढे करणार. बरेच पालक फसतात ते इथे. तुझ्या पोटात फोकसची मोटर नाही. त्या लेन्सवर तुझा ऑटोफोकस चालतच नाही. तुला लागते ती मोटर स्वतःत असलेली, ३५ एमएम, एफ १.८, ‘जी’ अक्षराची डीएक्स लेन्स. नव्या कॅमेऱ्यावर न घातलेल्या पैशांतून ती घेणार आहे. तिला झूम नाही. जवळचं हवं तर मुलीने चालत जवळ जावं, लांबचं हवं तर मागे सरावं. बुबुळापाशी नेमका फोकस आणि मागे विरघळलेली भिंत तिला तिथेच पहिल्यांदा भेटेल.

आता राहिला पावसाळा. मुंबईच्या दमटपणात चामड्याच्या बॅगेत ठेवलेली लेन्स एका मोसमात बुरसते. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा, तळाशी सिलिका जेलची पुडी, आत छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला की झालं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून कोरडे करायचे. हे काम ताईकडे सोपवणार आहे. तिलाही वाटलं पाहिजे की आपण जपतोय.

तुला एकच सांगणं. ‘ऑटो’वर असलास की अंधार दिसताच तुझा तो फ्लॅश टुणकन वर येतो आणि पणतीसमोर बसलेल्या माणसाचं पासपोर्टसारखं तोंड करून टाकतोस. दिवाळीच्या संध्याकाळी एकदा तसं करच. ती चिडेल आणि चाक फिरवेल.

तुझी,
भाचीची मावशी