उपेक्षितांनी गावाला दिलेले महाविद्यालय

नागपूरहून चंद्रपूरकडे निघालेला प्रवासी जाम येथे हैदराबादचा महामार्ग सोडतो आणि कपाशी-सोयाबीनच्या काळ्या शेतांमधून वरोऱ्यास पोहोचतो. भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथ तीर्थास जाणारी कुटुंबे याच वाटेने जातात. रेल्वेने जाणाऱ्यांनाही भांदक स्थानकापूर्वी वरोरा लागते. भद्रावती येथून जेमतेम अर्ध्या तासावर असल्याने बहुतेक यात्रेकरू वरोऱ्यात थांबत नाहीत. पुढे कोळशाच्या खाणी, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि ताडोबाचे अरण्य असते. पाहण्यासारखे ते सारे तिकडेच, अशी समजूत असते. परंतु वरोऱ्यालगतच एक महाविद्यालय आहे. शिक्षणसंस्थांना सढळ हाताने देणगी देणाऱ्या व्यापारी समाजाने ते आवर्जून पाहावे असे आहे.

जून-जुलैमध्ये तेथे गेल्यास प्रथमदर्शनी वेगळे काहीच जाणवत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.ने आणि सायकलीने आलेली मुले-मुली प्रवेशासाठी रांगेत उभी असतात. कोणाच्या हाती दाखल्यांची पिशवी असते, कोणाबरोबर धोतर-टोपीतले वडील असतात. सूचनाफलकावर परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीची मुदत, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, पुढे हिवाळ्यात स्नेहसंमेलन. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांचे हे आनंद निकेतन महाविद्यालय महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयासारखेच दिसते. त्याचे वेगळेपण ते कोणी उभारले, या प्रश्नाच्या उत्तरात आहे. हे महाविद्यालय आनंदवनाच्या भूमीवर आहे आणि ते उभे राहिले ते प्रामुख्याने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या श्रमावर.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. घरी जमीनजुमला, स्वतः वकील, वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष. पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून आपण भ्यालो, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली आणि त्या भयावर मात करण्यासाठी त्यांनी आयुष्याची दिशा बदलली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. शासनाने दिलेली जमीन खडकाळ, झुडपांची आणि विंचू-सापांची होती. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीशी चौदा रुपये, एवढेच त्या संसाराचे प्रारंभीचे भांडवल सांगितले जाते. पहिले काम विहीर खोदण्याचे होते.

विहिरीला पाणी लागले, जमीन पिकू लागली आणि आपल्या गरजेपेक्षा जास्त भाजीपाला येऊ लागला. तेव्हा जी अडचण उभी राहिली तिचे मर्म व्यापार करणाऱ्यास चटकन समजेल. माल उत्तम होता, भाव वाजवी होता, बाजार हाकेच्या अंतरावर होता. पण ग्राहक नव्हता. महारोग्यांच्या हातची भाजी घ्यायला वरोऱ्याचा बाजार तयार होईना. पुढे काही वर्षांत एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या आणि त्यांच्याच पंगतीला बसून जेवण केले. परदेशी माणसे हे अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. मग हळूहळू भाजी विकली जाऊ लागली, दूध विकले जाऊ लागले. बाजारात ज्याला पत म्हणतात ती आनंदवनाला अशी मिळाली.

पत मिळाल्यावर आनंदवनाने काय केले, हे त्याहूनही महत्त्वाचे आहे. आपल्या शेतीतून आणि उद्योगांतून काही शिल्लक उरू लागली, तेव्हा ती केवळ स्वतःच्या सोयीसाठी न राखता १९६४ मध्ये महाविद्यालय सुरू करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी कृषी महाविद्यालय. वरोरा परिसरातील मुलामुलींना त्या काळी उच्च शिक्षणासाठी दूर जावे लागे. शेतकऱ्याच्या किंवा लहान दुकानदाराच्या घरी बाहेरगावच्या खोलीचा आणि खाणावळीचा खर्च झेपत नसे. मुलींचे शिक्षण तर बहुधा तेथेच थांबे. ज्या गावाने भाजी नाकारली होती त्याच गावाच्या मुलांसाठी आनंदवनाच्या माणसांनी आपल्या बधिर झालेल्या हातांनी विटा वाहिल्या.

या कृतीत एक शहाणपणही होते. कुष्ठरोग्यांची वसाहत गावाबाहेर असते आणि गाव तिच्याकडे पाठ फिरवून जगते, अशी जगभराची रीत होती. महाविद्यालयामुळे ती रीत मोडली. गावातील सुशिक्षित घरांची मुले रोज सकाळी स्वतःच्या पायांनी आनंदवनात येऊ लागली. वाणिज्य शाखेच्या वर्गात जमा-नावे शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी वाटेवर हातमाग चालवणारी, सुतारकाम करणारी, शेतात राबणारी ती माणसे पाहू लागला. पुढे अंध आणि मूकबधिर मुलांसाठीच्या शाळाही याच परिसरात आल्या. भयावर व्याख्यानाचा जो परिणाम होत नाही तो रोजच्या शेजाराने होतो.

येथे रोगाविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल, कारण गैरसमज अद्याप पुरते गेलेले नाहीत. कुष्ठरोग हा पूर्वजन्मीच्या पापाचा परिणाम नाही आणि तो आनुवंशिकही नाही. १८७३ मध्ये हॅन्सन या नॉर्वेच्या वैद्याने त्याचा जंतू शोधला. हा जंतू मज्जातंतूंना इजा करतो. त्यामुळे त्वचेची संवेदना जाते, चटका किंवा जखम झालेली कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांतून विकृती येते. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचाराने तो पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा दिसल्यास तो लपवू नये, तत्काळ दाखवावा. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण आढळतात. कायद्याला बदलायलाही वेळ लागला. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आले. वरोऱ्याच्या मुलांनी त्या शेजारात शिकण्यास प्रारंभ केला त्याला तोवर पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

शिक्षणाचा हा विचार आनंदवनापाशी थांबला नाही. चंद्रपूरहून पूर्वेस मूलकडे जाणाऱ्या वाटेवर साग आणि बांबू दाट होत जातो. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी श्रमिक विद्यापीठाचे स्वप्न पाहिले. पदवीची कागदे न देता श्रम आणि ज्ञान यांची सांगड घालणारे ते विद्यापीठ मूळ कल्पनेप्रमाणे साकारले नाही. मात्र तेथे बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांची शेतीप्रधान वसाहत उभी राहिली आणि मे महिन्याच्या कडक उन्हात भरणारी श्रमसंस्कार छावणी महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली. सकाळी कुदळ-फावडे, नंतर चर्चा आणि व्याख्याने, रात्री गाणी असा तिचा क्रम. गेल्या अर्धशतकात महाराष्ट्रातील अनेक सामाजिक कार्यकर्त्यांची पहिली दीक्षा याच छावणीत झाली.

मूल-सावलीवरून पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा मोठा भाग वनाच्छादित आहे. त्याच्या दक्षिण भागात, भामरागडजवळ हेमलकसा येथे, २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांमध्ये आयुष्य घालवले. १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या त्या मुलखात पावसाळ्यात पूर आला की आजही भामरागडची वाट बंद पडते. अशा ठिकाणी शिकलेल्या मुलांतून शिक्षक आणि डॉक्टर झाले. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडली गेली. आनंद निकेतनही त्यांपैकी एक. तोपर्यंत सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला विद्यापीठातील लहानसहान कामासाठी तीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या नागपूरकडे पाहावे लागे. जंगलातील मुलाच्या दृष्टीने शिक्षणातील पहिला अडसर बहुधा अंतराचाच असतो. वरोऱ्याच्या महाविद्यालयाने तोच अडसर आपल्या परीने सहा दशकांपूर्वी दूर केला.

व्यापारी समाजात दानाची परंपरा जुनी आहे. शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा आणि रुग्णालये तिच्यावर उभी आहेत आणि प्रवेशद्वाराच्या संगमरवरी फलकावर दात्यांची नावे कोरलेली असतात. त्यात वावगे काही नाही; नाव पाहून दुसऱ्यालाही देण्याची बुद्धी होते. परंतु या फलकांमुळे मनात एक ठाम समजूत रुजते, की देणारा नेहमी वरचा आणि घेणारा खालचा. आनंदवनाने ही समजूत उलटी केली. बाबांचे म्हणणे होते की नुसती भीक माणसाला दुबळे करते, काम त्याला उभे करते. ते त्यांनी वसाहतीपुरते खरे करून दाखवलेच. महाविद्यालयाच्या रूपाने त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. माणूस खऱ्या अर्थाने उभा राहतो तो आपल्या कमाईतून दुसऱ्याला काही देऊ शकला म्हणजे. जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तर कित्येक वर्षे ज्यांच्या खाती केवळ येणे दाखवले जात होते, त्यांनी एके दिवशी गावाच्या खाती मोठी रक्कम जमा केली. गावाने ती स्वीकारली आणि तेथेच दोघांची बरोबरी झाली.

संस्थेला देणगी देताना म्हणूनच इमारतीच्या खर्चाबरोबर आणखी एक हिशेब विचारावा: ज्यांच्यासाठी हे दान आहे, त्यांना उद्या स्वतः काही देता येईल अशी सोय त्यात आहे काय? हातमागावरचे कापड, शेतातील धान्य किंवा लाकडी वस्तू रास्त भावाने विकत घेणे, हेही काही वेळा रोख देणगीपेक्षा मोठे साहाय्य ठरते. एके काळी बाजाराने नाकारलेल्या माणसांना बाजाराचा सन्मान बाजारातील माणसेच देऊ शकतात.

भद्रावतीच्या यात्रेत अर्धा दिवस अधिक राखल्यास आनंदवन पाहून होते. हिवाळा त्यासाठी उत्तम. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे आणि ९ जुलै २०११ रोजी साधनाताईंचे निधन झाले. दोघांना येथील मातीतच विसावा दिला आहे. तेथे जाऊन महाविद्यालयाच्या बाजूने परतावे. वर्ग सुटण्याची वेळ असेल तर रस्ता विद्यार्थ्यांनी भरलेला दिसतो. कोणी कृषी महाविद्यालयाकडे वळतो, कोणी एस.टी. गाठण्याच्या घाईत असतो. आनंदवनाचे वृद्ध रहिवासी त्याच रस्त्याने आपापल्या कामाला जात असतात, आणि त्यांना पाहून कोणी अंग चोरून बाजूला होत नाही.