वचन आणि हजेरीपट

देवाच्या अभिवचनावर नवी मंडळी उभी करायची, तर त्या अभिवचनात नेमकं काय दिलं आहे हे आधी नीट वाचायला हवं. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात मंडळी रचण्याचं काम प्रभू स्वतःकडे घेतो. अठराव्यात दोघं-तिघं जमले तरी आपण त्यांच्यात आहोत असं सांगतो, आणि शेवटच्या अध्यायात युगाच्या समाप्तीपर्यंतची सोबत देऊ करतो. माणसं किती येतील, किती वर्षांत येतील, इमारत कधी उभी राहील, याबद्दल या तिन्ही ठिकाणी चकार शब्द नाही. तरीही नवं काम हाती घेणारे आम्ही पाळक बहुतेकदा वचनाचं नाव घेऊन आकड्यांवर भरवसा टाकतो, आणि आकडा घसरला की देवानं शब्द मोडला अशा चेहऱ्यानं प्रार्थनेला बसतो.

पनवेल तालुक्यातलं आपटा घ्या. पाताळगंगेच्या काठचं गाव, पनवेल–रोहा लोहमार्गावरचं छोटं स्टेशन, जवळच रसायनीचा कारखान्यांचा पट्टा. या भागातल्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर बायकापोरांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कारखान्यात कंत्राटावर आलेला कामगार भाड्याच्या खोलीत राहतो. कंत्राट संपलं की बिऱ्हाड उचलतो. इथे उपासना सुरू केली, तर श्रावणात सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसेल आणि माघात तीच सतरंजी अर्धी गुंडाळलेली राहील. ढोलकी तीच, गीतांचं पुस्तक तेच, संदेशाची तयारीही तितकीच. हजेरीपटावरून पाहिलं तर हे काम दरवर्षी एकदा वाढतं आणि एकदा बुडतं. वचनावरून पाहिलं तर मंडळी भट्टीवर गेली आहे, तेव्हा पाळकानंही भट्टीवर जावं. संध्याकाळी विटा थापून झाल्यावर तिथे दोन कुटुंबं बसली, तरी प्रभुभोजनाला काही कमी पडत नाही.

आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायचा हुकूम दिला. ते टिकले, मराठी शिकले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात राबले, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं वारले. तेरा वर्षांच्या श्रमांनंतर मराठी माणसांची मंडळी म्हणावी असं त्यांच्या डोळ्यांपुढे जवळजवळ काहीच नव्हतं. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरात ठाणं मांडलं ते 1831 मध्ये; तिथली पहिली छोटी मंडळी 1833 ची, आणि पुढे पाळक झालेल्या हरी रामचंद्र खिस्ती यांचा बाप्तिस्मा 1839 चा. हॉल यांनी वाढीच्या आकड्यावर श्रद्धा ठेवली असती, तर 1820 च्या आसपासच त्यांनी गाशा गुंडाळायला हवा होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: उशिरा का होईना, फळ आलेल्यांचीच उदाहरणं तुम्ही देता, जिथे काहीच उरलं नाही, तिथे काय? आक्षेप रास्त आहे, म्हणून तसंच उदाहरण घेतो. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि सातारला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. संस्था म्हणून ते अपयशच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी बहुतेक तरी त्या त्या गावी आज कुठे आहेत? अभिवचन ख्रिस्ताच्या मंडळीला आहे. मी भाड्यानं घेतलेल्या खोलीला किंवा माझ्या कल्पनेतल्या संस्थेला नाही. टिळकांची गीतं मात्र आजही मराठी देवळांत दर रविवारी म्हटली जातात.

दुसरा आक्षेप असा की वचनावर विसंबलेला माणूस हातपाय हलवत नाही. याचं उत्तर केडगावला मिळतं. पंडिता रमाबाईंच्या कामाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या कराराची होती. पुढची सोय देव करील यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि त्याच विश्वासानं त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली, विहिरी खणल्या. शेकडो दुष्काळग्रस्त मुली आल्या तेव्हा उपयोगी पडली ती हीच जमीन. त्यांच्या प्रार्थनेनं त्यांना विहिरीच्या कामापासून कधी सोडवलं नाही. आळशी माणूस वचनाचा आधार घेतो हे खरं. पण तो आधार मिळाला नसता तरी तो आळशीच राहिला असता.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो गावाच्या बाजूनं येणारा संशय: हे लोक काहीतरी देऊन माणसं ओढतात. अशा संशयाला नुसतं रागावून चालत नाही. संख्येची घाई झालेला पाळक औषधाच्या, नोकरीच्या, शाळेच्या फीच्या गोष्टी सुवार्तेत मिसळू लागतो, आणि मग संशयाला आयता पुरावा मिळतो. मंडळी रचणारा प्रभू आहे यावर ज्याचा खरोखर विश्वास आहे, त्याला आमिषाची गरजच उरत नाही. आजाऱ्याला दवाखान्यात नेणं हे शेजारधर्म म्हणून करावं, आणि तो कधीच उपासनेला आला नाही तरी पुन्हा न्यावं. विश्वासाची ही कसोटी गावाला बाहेरून दिसते, म्हणून ती चांगली.

तेव्हा आपट्यासारख्या गावात उद्या कुणी मंडळी सुरू करणार असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे: पहिल्या महिन्यापासून अर्पणाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचा, दोन वडील लवकर तयार करा, वर्षाचा आकडा कुणालाही कबूल करू नका, आणि दिवाळीनंतर भट्टीचा रस्ता धरा.