देणें, घेणें आणि सहवास

दत्तक हा शब्द उच्चारतांच आपल्या घरांतून बहुधा इस्टेट, वाडा, कोर्टकचेरी आणि पिंडदान यांचीच आठवण निघते. ज्या मुलाला दत्तक दिलें, त्याची आठवण सर्वांत शेवटीं होते. त्याला कारणही तसेंच होतें. जुन्या व्यवस्थेंत दत्तक हा घेणाऱ्यासाठीं असे. त्याचा वंश चालावा, त्याचें तर्पण अडूं नये, एवढ्यासाठीं. म्हणूनच ज्याला औरस पुत्र हयात आहे त्याला दत्तक घेण्याचा अधिकार नव्हता, आणि मुलीचें दत्तविधान न्यायालयें सामान्यतः मान्य करीत नसत. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानें हें चित्र पालटलें. पुत्र असलेल्या दांपत्यालाही मुलगी दत्तक घेतां येऊं लागली. त्याच कायद्याच्या आधारानें आमच्या घरांत एक मुलगी आली. त्या निमित्तानें जें अनुभवास आलें, तें वाचकभगिनींपुढें मांडीत आहें.

आमचें घर धर्माबादचें. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोंकाचें, लाल मिरचीच्या बाजारासाठीं नांवाजलेलें हें गांव. २०२१ च्या एप्रिलांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, माझे धाकटे दीर आणि जाऊबाई आठ दिवसांच्या अंतरानें गेलीं. मागें चार वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई राहिल्या. आम्ही त्या वेळीं न्यू जर्सींत होतों. यजमान एच-वन-बी व्हिसावर नोकरीस, मी त्यांच्या आधारानें एच-फोर व्हिसावर, आणि तेथेंच जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा. पुतणीला आपण घ्यावें याविषयीं आम्हां उभयतांत वाद असा झालाच नाहीं. आप्तेष्टही म्हणाले, "घरचीच मुलगी, घेऊन जा. त्यांत काय आहे?" त्यांत काय आहे, तें पुढें कळलें.

आईबाप दोघेंही हयात नसतील तर मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाला तें मूल दत्तक देतां येतें. परंतु त्यासाठीं न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. न्यायालय मुलाचें हित पाहतें, त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानानें त्याची इच्छा विचारांत घेतें, आणि या व्यवहारांत पैशांची देवघेव झालेली नाहीं याची खात्री करून घेतें. कोणाकडे राहावयाचें, असें विचारल्यावर आमची मुलगी म्हणाली, "आजीकडे. काकू आली तरी चालेल." सर्वांना हसूं आलें, सासूबाई मात्र हसल्या नाहींत. २०२२ च्या जूनमध्यें परवानगी मिळाली. यजमान तीन आठवड्यांची रजा काढून आले. मुलगी सगोत्र, तेव्हां दत्तहोमाची आवश्यकता नाहीं असें गुरुजींनीं सांगितलें. कायद्यालाही होमाचा आग्रह नाहीं. त्याला हवें असतें तें प्रत्यक्ष देणें आणि घेणें. सासूबाईंनीं मुलीचा हात माझ्या हातांत दिला आणि "दिली" एवढा एकच शब्द उच्चारला. दुसऱ्या दिवशीं दस्ताची नोंदणी झाली.

या एका शब्दाचें वजन किती असतें, हें ताईमहाराज प्रकरणावरून पुष्कळांना ठाऊक असेल. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ सालीं वारले. त्यांच्या पत्नी ताईमहाराज लोकमान्य टिळकप्रभृति विश्वस्तांसह निजामाच्या मुलखांतील औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेल्या आणि १९०१ च्या जूनमध्यें तेथें जगन्नाथ नांवाचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. पुढें त्यांनींच तें नाकारलें. मुलगा खरोखर दिला-घेतला गेला कीं नाहीं, या प्रश्नाभोंवतीं खटले फिरत राहिले, आणि १९१५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें टिळकांचा पक्ष ग्राह्य धरला. क्षणाचें देणेंघेणें सिद्ध झालें कीं नातें सिद्ध झालें. तो मुलगा कोणाजवळ जेवला, कोणाजवळ निजला, यावर दत्तविधान अवलंबून नव्हतें.

अमेरिकेच्या कायद्याचा प्रश्न नेमका येथूनच सुरू होतो. तेथील नागरिकांना परदेशांतील मूल दत्तक नेण्याचे स्वतंत्र मार्ग आहेत. तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करणाऱ्यांना ते खुले नाहींत. आमच्यासारख्यांचें मूल सोळा वर्षांच्या आंत दत्तक घेतलेलें असावें लागतें; शिवाय तें दत्तक आईबापांच्या कायदेशीर ताब्यांत आणि त्यांच्या घरांत दोन वर्षें राहिलेलें असावें लागतें. मगच परदेशगमनाच्या दृष्टीनें तें 'मूल' ठरतें. म्हणजे मुलीला तिकडे नेण्यासाठीं तिच्यासह राहिलें पाहिजे, आणि ती तिकडे येऊं शकत नाहीं म्हणून आपणच इकडे राहिलें पाहिजे! नागरिक होईपर्यंत थांबावें, तर भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब कीं तोंवर मुलगी परकरांतून साडींत यावयाची. आपल्या देशाचेही नियम आहेत. मुलांचा व्यापार होऊं नये म्हणून १९९३ सालीं हेग येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. २००३ सालीं भारतानें त्याला मान्यता दिली. परदेशीं राहणाऱ्यांनीं हिंदू कायद्यानें दत्तक घेतलेल्या मुलासाठीं जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी आणि 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाचें ना-हरकत पत्र, अशी पद्धत २०२१ पासून आहे.

वकिलांच्या सल्ल्यानें ठरलें, कीं मीं धर्माबादेस राहावें आणि यजमानांनीं मुलासह परत जावें. मुलानें विचारलें, "दोन वर्षें म्हणजे किती उन्हाळ्याच्या सुट्या?" दोन सुट्या त्यानें येथें काढल्या. तिकडचा उन्हाळा तो आमचा पावसाळा; त्यामुळें बहीणभावांची ओळख चिखलांत आणि पागोळ्यांखालीं झाली. एरवीं रोज सकाळीं, त्याच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, फोनच्या पडद्यावर मी त्याला पाहत असें. एका मुलाची आई होण्यासाठीं दुसऱ्याची आई दुरून व्हावें लागतें, हें दुःख मला कोणत्याही कलमांत लिहिलेलें आढळलें नाहीं.

परंतु त्या दोन वर्षांनीं जें दिलें तेंही कोणत्या कलमांत नाहीं. मिरचीच्या हंगामांत बाजारावरून वारा आला कीं मुलगी शिंकत सुटे, आणि मी तिच्या नाकाला ओला रुमाल लावीत असें. वसंतपंचमीस आम्ही तिला शेजारच्या तेलंगणांत, गोदाकांठच्या बासरला, सरस्वतीच्या देवळांत अक्षराभ्यासासाठीं नेलें. रात्रीं ती दचकून उठे. आरंभीं ती अंधारांत आजीला शोधी. कित्येक महिन्यांनीं एका रात्रीं तिचा हात प्रथम माझ्याकडे आला. दत्तविधान जूनमध्यें झालें खरें, पण माझ्या लेखीं घेणें त्या रात्रीं पुरें झालें.

सहवासाचा पुरावा म्हणून पुढें शाळेचे दाखले, लस टोंचल्याच्या नोंदी, बँकेचीं पुस्तकें आणि छायाचित्रें असा गठ्ठा जमवावा लागला. मनांत प्रथम चीड आली. मग विचार केला: केवळ व्हिसासाठीं कागदोपत्रीं दत्तकें होऊं नयेत, हा त्या नियमाचा हेतु गैर कसा म्हणावा? आपल्या विधीनें जो प्रश्न विचारला नव्हता तोच तो नियम विचारीत होता: तुम्ही या मुलासह खरोखर राहिलांत काय? मात्र प्रश्न योग्य असला तरी उत्तराची किंमत सर्वांना सारखी पडत नाहीं. जिला नोकरी सोडतां येत नाहीं, जिच्या सासरीं खोली नाहीं, तिनें काय करावें?

२०२४ च्या हिंवाळ्यापूर्वीं मुलीला व्हिसा मिळाला आणि आम्ही निघालों. आमचें तेथील राहणें आजही तात्पुरतेंच आहे. यजमानांची नोकरी सुटली तर देश सोडण्यापूर्वीं फार तर साठ दिवसांची सवलत. उलट, विधिवत् झालेलें दत्तविधान आपल्या कायद्याप्रमाणें कधींही रद्द करतां येत नाहीं. घेणाऱ्यालाही नाहीं, देणाऱ्यालाही नाहीं. ज्यांचा मुक्काम रद्द होऊं शकतो, त्यांनीं रद्द न होणारें नातें जोडलें. यांत मला विसंगति वाटत नाहीं. बिऱ्हाड कोठेंही हललें तरी तें ज्यांच्यासाठीं हलवावयाचें तीं माणसें पक्कीं असलीं म्हणजे पुरे.

राहतां राहिल्या सासूबाई. त्या व्हिसाच्या नियमांत कुटुंब म्हणजे पतिपत्नी आणि एकवीस वर्षांखालील मुलें. जिनें मातृपितृहीन नातीला पोटाशीं धरलें आणि तिच्याच भल्यासाठीं ती दुसऱ्याच्या हातीं दिली, त्या आजीला त्या व्याख्येंत जागा नाहीं. त्या आज नणंदेजवळ धर्माबादेस असतात. मुलगी त्यांना पत्र लिहिते. अक्षर अजून वेडेंवांकडें आहे. मला ती काकूच म्हणते. आई हा शब्द तिनें तिच्या आईसाठीं ठेवला आहे, आणि तो तसाच असावा असें मलाही वाटतें.

परदेशांतल्या लेकासुनांकडे अनाथ नातवंड सोंपवावें असा विचार ज्या घरांत चालू असेल, त्यांना एवढेंच सांगणें आहे: "घेऊन जा" म्हणण्यापूर्वीं, मुलाजवळ येऊन कोण राहणार, हें ठरवा. आणि जो देणारा आहे, त्याचे पुढचे दिवस कसे जावयाचे, याचाही विचार त्याच बैठकींत करा.