सुईणीचा पगार कोण देणार?

दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्या नावाने देशात जेवढ्या समित्या आणि निधी उभे राहिले, तेवढे त्याआधी कधी राहिले नव्हते. 1920 मध्ये लेडी चेम्सफर्ड यांच्या नावाची अखिल भारतीय लीग निघाली, 1924 मध्ये लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय बालसप्ताह पाळला गेला, 1931 मध्ये रेडक्रॉसने माता-बालकल्याणाचा स्वतंत्र विभाग उघडला. तरीही 1933 मध्ये सर जॉन मेगॉ यांच्या पाहणीतून अंदाज निघाला तो दर हजार बाळंतपणांमागे 24.5 मातामृत्यूंचा. याचे ठरावीक स्पष्टीकरण असे : बायका अडाणी, घरात पडदा, सुईण अस्वच्छ. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचा अभ्यास करताना मला ते उत्तरोत्तर अपुरे वाटत गेले. माझ्या मते खरी अडचण हिशेबाच्या वहीत होती. शिकलेल्या सुईणीचा पगार पाचव्या, दहाव्या वर्षीही कुणी द्यायचा, हे ठरवणारी स्थानिक यंत्रणाच बहुतेक ठिकाणी नव्हती.

बदनावर घ्या. धारच्या पवारांच्या संस्थानातला हा एक परगणा, राजधानीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, रेल्वे न पोचलेला. धार शहरात कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनचे बायकांचे रुग्णालय होते. 1891 साली मध्य भारतात आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी ते नावारूपाला आणले, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण अडलेल्या बाईला भर पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या चिखलातून बैलगाडीने धारला न्यायचे म्हटले, तर वाटेतच सगळे संपण्याची भीती. तिला आधी हवी होती गावात राहणारी, सातव्या महिन्यापासून लक्ष ठेवणारी, धोका वेळीच ओळखणारी बाई. इंग्लंडमध्ये 1918 च्या कायद्याने हे काम स्थानिक संस्थांच्या समित्यांकडे दिले, समितीत किमान दोन स्त्रिया असाव्यात असे ठरवले, आणि खर्चाचा अर्धा भार सरकारी अनुदानाने उचलला. इकडे 1919 च्या सुधारणांनी आरोग्य खाते प्रांतांकडे आले, प्रांतांनी ते नगरपालिका आणि लोकल बोर्डांवर टाकले. त्या जबाबदारीजोगा पैसा मात्र कुठेच आला नाही. संस्थानांना तर तेवढीही चौकट नव्हती. तिथे सगळे दरबारच्या मर्जीवर नाहीतर मिशनच्या देणगीदारांवर. देणगीतून इमारत होते. दरमहाचा पगार तिच्या भरवशावर ठरवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सुईणीच्या हातून होणारे नुकसान खरेच होते. ते मी नाकारत नाही. विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होत होता, न धुतलेल्या हातांनी सूतिकाज्वर पसरत होता. म्हणून तर लेडी कर्झन यांनी 1903 मध्ये दाईंच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. पण वर्गाला बसायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि शिकून परतल्यावर साबण-कात्रीचा खर्च स्वतःच्या पदरचा. बाळंतिणीच्या घरून मिळणारे धान्य आणि लुगडे मात्र पूर्वीइतकेच. शिवाय सगळा दोष सुईणीवर टाकला की घराकडे लक्षच जात नाही. मुंबईच्या 1921 च्या नोंदींत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे 828 बालमृत्यू दिसतात, चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत 133. हे आकडे फुगलेले आहेत, हेही खरे. गिरणगावातल्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर जात. जन्माची नोंद तिकडे होई आणि मृत्यूची मुंबईत. पण 828 मधला अर्धा आकडा खोटा धरला, तरी उरलेला 133 च्या तिप्पट राहतो.

दुसरा आक्षेप रूढीचा : सोय केली असती तरी बायका आल्याच नसत्या. मुंबईचा अनुभव याच्या उलट आहे. परळला 1926 मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, पालिकेची सूतिकागृहे वाढली, आणि कामगार वस्तीतल्या बायका तिथे येऊ लागल्या. 1929 च्या मुंबई प्रसूती-लाभ कायद्याने गिरणीतल्या बाईला काही आठवडे रोज आठ आणे मिळण्याची सोय झाली. पुण्याच्या सेवासदनाने तर रूढीचीच दुसरी बाजू दाखवली. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या या संस्थेने परिचारिका आणि सुईण म्हणून ज्यांना शिकवले, त्यांत विधवा होत्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बायकांनी हे काम पत्करले, कारण त्यात शिक्षण होते, मान होता आणि नियमित मिळकत होती. बदनावरला यांपैकी काय पोचू शकत नव्हते? रूढी तिथली वेगळी होती असे म्हणायला आधार नाही. वेगळी होती ती तिजोरी.

1946 च्या भोर समितीने देशभर मोजल्या त्या प्रशिक्षित सुईणी जेमतेम 5,000, हेल्थ व्हिजिटर 750. सुईणींची गरज मात्र एक लाखाची होती. त्यानंतर बरेच बदलले. 2005 मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत पुढे मध्य प्रदेशातल्या ग्रामीण बाळंतिणीला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी 1,400 रुपये ठरले, तिला तिथवर नेणाऱ्या गावातल्या आशा कार्यकर्तीला 600. बदनावर तहसिलीतली आशाही याच व्यवस्थेत काम करते. तिच्या मोबदल्यात पुढे ठरावीक मासिक रकमेची भर पडली, पण त्या रकमेला सरकार पगार म्हणत नाही, आणि आशेची गणना अजूनही स्वयंसेविकांतच होते.